व्हिएन्नाची राइखस्राट: आठ भाषा, 516 सदस्य, आणि कारभार चालायचा कसा?

उंबरठा

पहिल्या महायुद्धाआधीच्या ऑस्ट्रियावर वाचताना राइखस्राट या संसदेचं नाव सारखं येतं, पण वर्णन सगळीकडे एकाच छापाचं. सदस्य बाकांची झाकणं आपटतायत, शाईच्या दौती भिरकावतायत, कोणी शिट्ट्या फुंकतोय आणि शेवटी सरकार संसदेला टाळं लावतंय. गंमत म्हणून ठीक आहे, पण मला यंत्रणा समजून घ्यायची आहे. चार प्रश्न आहेत.

1. ही सबंध ऑस्ट्रिया-हंगेरीची संसद होती का? असेल तर हंगेरियन सदस्य कुठे दिसत का नाहीत?
2. जागावाटप कशाच्या आधारावर व्हायचं?
3. इतक्या भाषांचे लोक एका सभागृहात बसत होते, तर दुभाषे होते का? कामकाजाच्या नोंदी कोणत्या भाषेत?
4. बहुमत सरकारकडे असताना मूठभर लोक महिनोन्‌महिने काम कसं बंद पाडायचे? आणि अर्थसंकल्पच मंजूर होत नसेल तर नोकरांचे पगार कुठून व्हायचे?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. लांबलं तरी चालेल.

बखरबहाद्दर

पहिल्याचं उत्तर आधी, कारण तिथे गफलत झाली की पुढचं सगळं चुकतं. नाही, ही सबंध ऑस्ट्रिया-हंगेरीची संसद नव्हती. तसा बेत मात्र होता.

26 फेब्रुवारी 1861 च्या सनदेने जी राइखस्राट उभी केली तिच्या कनिष्ठ गृहात 343 जागा होत्या आणि त्यातल्या 85 हंगेरीच्या. सदस्य थेट निवडून येत नसत, प्रांतांच्या विधानसभा त्यांना पाठवत. हंगेरीने एकही पाठवला नाही. क्रोएशिया आणि व्हेनेशियानेही पाठ फिरवली. 1863 मध्ये चेक सदस्य उठून गेले. 1865 च्या सप्टेंबरात सम्राट फ्रान्झ जोसेफने सनदच स्थगित केली. 1867 मध्ये सम्राट आणि हंगेरी यांच्यात झालेल्या तडजोडीनंतर हंगेरीची संसद वेगळी झाली आणि राइखस्राट उरलेल्या भागापुरती राहिली.

या उरलेल्या भागाला धड नावही नव्हतं. सरकारी कागदावर ‘राइखस्राटमध्ये प्रतिनिधित्व असलेली राज्ये आणि प्रांत’ असंच लिहायचे. म्हणजे देशाची ओळख संसदेवरून, संसदेची देशावरून नव्हे. पश्चिमेला फोरार्लबर्ग, पूर्वेला बुकोविना, दक्षिणेला डाल्मेशियाचा किनारा, आणि मध्ये बोहेमिया, मोराव्हिया, गॅलिशिया वगैरे. बोस्निया 1908 मध्ये साम्राज्याला जोडला तरी त्याला इथे एकही जागा मिळाली नाही. त्याची वेगळी विधानसभा 1910 मध्ये सारायेव्होत बसली.

हंगेरीशी सामायिक विषय तीन: परराष्ट्र, लष्कर आणि या दोन्हींचा खर्च. त्यासाठी दोन शिष्टमंडळं असत, 60 सदस्य इकडचे आणि 60 तिकडचे. इकडच्या साठांपैकी 20 वरिष्ठ गृहातून आणि 40 कनिष्ठ गृहातून. ती आलटून पालटून व्हिएन्ना आणि बुडापेस्टला भरत, पण एकत्र बसत नसत! लेखी टिपणं एकमेकांकडे धाडायची. तीनदा धाडूनही जमलं नाही तर दोन्ही मंडळांनी एकत्र येऊन फक्त मतदान करायचं, चर्चा वर्ज्य. हंगेरियन नेत्यांचा आग्रह होता की दोन्ही देशांच्या वर बसलेली एक संसद आहे असं चित्र कुठेही दिसू नये. म्हणून हा द्राविडी प्राणायाम.

अजून एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागेल. मंत्रिमंडळ सम्राट नेमायचा आणि सम्राटच काढायचा. सभागृहात हरलं म्हणून सरकारने जायलाच हवं असा नियम नव्हता. वरिष्ठ गृह (हेरेनहाउस) म्हणजे सज्ञान आर्चड्यूक, आर्चबिशप, वंशपरंपरागत जमीनदार घराणी आणि सम्राटाने तहहयात नेमलेले लोक. कायद्याला दोन्ही गृहांची संमती आणि वर सम्राटाची मान्यता लागे.

सांख्यिक

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा.

1873 पासून थेट (म्हणजे प्रांतांच्या विधानसभांना वगळून) निवडणूक सुरू झाली, पण चार गटांत वाटून. एकूण 353 जागा: मोठे जमीनदार 85, व्यापारी मंडळं 21, शहरं 118, ग्रामीण भाग 129. शहरी आणि ग्रामीण गटात मत द्यायला वर्षाला किमान 10 गुल्डन (तेव्हाचं चलन) थेट कर भरावा लागे. 1882 मध्ये पंतप्रधान ताफंच्या सरकारने ही अट 5 गुल्डनवर आणली. त्या एका बदलाने ‘पाच गुल्डनवाला’ छोटा कारागीर आणि दुकानदार मतदार झाला आणि उदारमतवादी जर्मन पक्षाचा शहरांतला पाया खचला. व्हिएन्नातला नेता लुएगर याचा ख्रिस्ती-समाजवादी पक्ष याच मतांवर वाढला.

ग्रामीण गटात तर निवडणूकही सरळ नव्हती. साधारण 500 लोकसंख्येमागे एक ‘निवडक’ निवडायचा आणि ते निवडक मग प्रतिनिधी निवडायचे. गॅलिशियात या मधल्या पायरीवरच सगळा खेळ व्हायचा. चार-पाचशे लोकांवर दाब टाकण्यापेक्षा एका निवडकाला गाठणं सोपं.

1896 मध्ये पंतप्रधान बाडेनीने पाचवा गट जोडला: 24 वर्षांवरचे सगळे पुरुष, 72 जागा, एकूण 425. मेख अशी की आधीच्या चार गटांतल्या मतदारांनाही पाचव्यात मत होतंच, म्हणजे त्यांची दोन मतं. शतकाच्या अखेरीस एका सदस्यामागे जमीनदार गटात साठ-पासष्ट मतदार, ग्रामीण गटात दहा-बारा हजार आणि पाचव्या गटात जवळपास सत्तर हजार, असं प्रमाण होतं. व्यापारी मंडळांत पंचवीसच्या आसपास. एवढ्या लोकांत तर आपल्याकडची सोसायटीची कमिटीसुद्धा निवडून येत नाही.

26 जानेवारी 1907 च्या कायद्याने गट मोडले. पुरुषांना सार्वत्रिक मतदान, 516 जागा. वाटप असं:

जर्मन 233, चेक 107, पोल 82, रुथेनियन (म्हणजे युक्रेनियन) 33, स्लोव्हेन 24, इटालियन 19, सर्ब-क्रोएट 13, रोमानियन 5.

आता हे 1910 च्या जनगणनेशी ताडून पाहा. जर्मन भाषक 35.6 टक्के, जागा 45 टक्के. रुथेनियन 12.6 टक्के, जागा साडेसहा टक्क्यांहूनही कमी. इटालियन पावणेतीन टक्के, जागा पावणेचार टक्के. युक्तिवाद असा होता की निव्वळ डोकी मोजायची नाहीत, कर कोण किती भरतो तेही बघायचं. खरं कारण म्हणजे दोन-तृतीयांश बहुमताशिवाय कायदाच होणार नव्हता, त्यामुळे ज्याची मतं हवीत त्याला जागा देऊन समजूत घातली. ‘समान’ हा शब्द मतदाराला लागू होता, मतदारसंघाला नाही.

गॅलिशियाच्या ग्रामीण भागात आणखी एक खास सोय: 36 मतदारसंघ, प्रत्येकी दोन सदस्य. पहिल्याला निम्म्याहून जास्त मतं हवीत, दुसऱ्याला चौथाईहून जास्त पुरेत. रुथेनियन बहुसंख्य असलेल्या पूर्व गॅलिशियात पोलिश अल्पसंख्याकांना दुसरी जागा मिळावी म्हणून हा हिशोब. 72 जागा या मार्गाने आणि 34 शहरांतून, मिळून 106.

एक गोष्ट सहसा सुटते. जमीनदार गटात जमीन स्वतःच्या नावावर असलेल्या स्त्रियांना मत होतं. ते 1907 मध्ये गेलं. ‘सार्वत्रिक’ मतदान आलं आणि स्त्रिया राइखस्राटच्या मतदार यादीतून पार बाहेर पडल्या.

उंबरठा

सांख्यिक, भारी! मोराव्हियात एकाच गावाला दोन मतदारसंघ होते असं कुठेतरी वाचलं होतं. ते खरं का?

सांख्यिक

खरं. 1905 च्या मोराव्हियन तडजोडीने तिथल्या मतदारांच्या दोन याद्या केल्या, चेक आणि जर्मन. चेक यादीतल्याने चेक उमेदवारांतून निवडायचं आणि जर्मन यादीतल्याने जर्मन उमेदवारांतून. 1907 मध्ये राइखस्राटसाठीही तेच वापरलं. मोराव्हियाच्या 49 पैकी 30 जागा चेक, 19 जर्मन. नकाशावर दोन जाळी एकावर एक टाकावीत तसे मतदारसंघ. फायदा असा की निवडणुकीत चेक विरुद्ध जर्मन अशी लढतच उरली नाही, भांडण झालं तर चेक कॅथलिक विरुद्ध चेक समाजवादी. तोटा असा की ज्याच्या घरी दोन्ही भाषा त्यानेही एकच यादी निवडायची. आपल्याकडे 1909 च्या सुधारणांत मुस्लिमांचे स्वतंत्र मतदारसंघ आले, त्या चर्चेशी याचं साम्य लगेच डोळ्यांत भरतं. फरक हा की मोराव्हियात दोन्ही बाजूंनी एकमेकांशी बोलणी करून हे मान्य केलं होतं.

निळी शाई

तिसरा प्रश्न. दुभाषे नव्हते. अजिबात नव्हते.

कामकाजाच्या नियमावलीत भाषेचं कलमच नव्हतं. प्रथा म्हणून अध्यक्षांची भाषा जर्मन, विधेयकं जर्मन, समित्यांचं काम जर्मन. सदस्याला मात्र आपल्या भाषेत बोलायची मुभा होती आणि ती कोणी काढून घेऊ शकत नव्हतं, कारण 1867 च्या मूलभूत हक्कांच्या कायद्यातलं कलम 19 म्हणत होतं की राज्यातल्या सगळ्या वंशसमूहांचे हक्क समान आहेत आणि प्रांतात रूढ असलेल्या सगळ्या भाषांना शाळा, कचेरी आणि सार्वजनिक जीवनात समान स्थान आहे. त्याच कलमात पुढे असंही होतं की कोणालाही प्रांताची दुसरी भाषा शिकण्याची सक्ती करता येणार नाही. हे दुसरं वाक्य बोहेमियातल्या जर्मनांच्या चिंतेतून आलं आणि पुढे सगळी भांडणं याच दोन वाक्यांच्या फटीत झाली.

सभागृहात प्रत्यक्षात काय व्हायचं? लघुलेखक जर्मन भाषणं शब्दशः टिपायचे. कोणी चेक किंवा रुथेनियनमध्ये बोलायला लागलं की लेखणी थांबायची आणि इतिवृत्तात फक्त नोंद व्हायची की अमुक सदस्य अमुक भाषेत बोलले. मजकूर गायब! 1917 मध्ये संसद पुन्हा भरली तेव्हा कुठे बिगर-जर्मन भाषणं इतिवृत्तात यायला लागली. म्हणून चेक नेते क्रामार्झ आणि मासारिक, पोलिश नेता दाशिन्स्की यांच्यासारखे लोक ज्या दिवशी खरोखर काही पटवून द्यायचं असे त्या दिवशी उत्तम जर्मनमध्ये बोलत. मातृभाषेतलं भाषण हे मतदारसंघासाठी, किंवा वेळ खाण्यासाठी.

आणि वेळ खाण्यासाठी ते फारच सोयीचं. विषय सोडून बोलणाऱ्याला अध्यक्ष टोकू शकतात, पण त्यासाठी तो काय बोलतोय हे अध्यक्षांना कळायला हवं ना. रुथेनियन सदस्य तासभर बोलतोय, तो विधेयकावर बोलतोय की पंचांग वाचतोय हे आसनावरून कसं ठरवणार? उपाध्यक्ष वेगवेगळ्या भाषागटांतून घेण्यामागे मानपानाइतकंच हेही कारण.

‘आठ भाषा’ हा आकडा जनगणनेतून येतो हे लक्षात असू द्या. 1880 पासून जनगणनेत ‘रोजच्या वापराची भाषा’ विचारत आणि यिद्दिश त्या यादीत नव्हतीच. गॅलिशियातला ज्यू कागदोपत्री पोलिश भाषक व्हायचा, बुकोविनातला जर्मन. तरी 1907 मध्ये चार सदस्यांनी स्वतंत्र ज्यू गट काढलाच.

पोटनियम

चौथ्या प्रश्नाचा पूर्वार्ध घेतो. काम बंद पाडायला दौत फेकायची गरज नव्हती. खरी हत्यारं नियमावलीतच होती आणि ती अशी चालत.

पहिलं, तातडीचा प्रस्ताव. वीस सह्या गोळा करा आणि प्रस्ताव द्या. विषय तातडीचा आहे की नाही हे ठरवायला दोन-तृतीयांश मतं लागत, म्हणजे प्रस्ताव पडणार हे नक्की. पण पडण्याआधी मांडणाऱ्याला तातडी समजावून सांगायचा हक्क, त्यावर चर्चा, मग मतदान. आणि हे सगळं दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेच्या आधी. वीस जणांच्या गटाने रोज दोन प्रस्ताव दिले की कार्यक्रमपत्रिकेला हात लावायच्या आत संध्याकाळ.

दुसरं, नावं पुकारून मतदान. सव्वाचारशे नावं एकेक करून वाचायची आणि प्रत्येकाने हो किंवा नाही म्हणायचं. तहकुबीचा प्रस्ताव आणायचा, त्यावर असं मतदान मागायचं, तो पडला की थोडा शब्द बदलून पुन्हा आणायचा.

तिसरं, आलेले अर्ज आणि लेखी प्रश्न पूर्ण वाचून दाखवायचा आग्रह.

चौथं, लांब भाषण. एकदा बोलायची परवानगी मिळाली की वेळेची मर्यादा नाही. ब्रुन (आजचं ब्रनो) इथल्या व्यापारी मंडळाचा प्रतिनिधी ओटो लेखर 28 ऑक्टोबर 1897 च्या रात्री उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसला. बारा तास. आणि बारा तास तो विषयाला धरून बोलला. हंगेरीबरोबरच्या आर्थिक तडजोडीवर त्याची एवढी तयारी होती की अध्यक्षांना त्याला थांबवायला कारणच सापडेना.

आता 1897 चं कारण थोडक्यात, कारण तिथे तीन धागे एकत्र गुंतले. हंगेरीशी सीमाशुल्काची तडजोड दर दहा वर्षांनी नवी करावी लागे आणि चालू मुदत वर्षअखेर संपत होती. बाडेनीला त्यासाठी तरुण-चेक पक्षाची मतं हवी होती. ती मिळवायला त्याने 5 एप्रिलला बोहेमियासाठी आणि त्याच महिन्यात मोराव्हियासाठी भाषेचे हुकूम काढले: अर्ज ज्या भाषेत आला त्याच भाषेत कचेरीच्या आतलंही सगळं कामकाज, आणि 1 जुलै 1901 नंतर नेमणूक होणाऱ्या अधिकाऱ्याला दोन्ही भाषा यायलाच हव्यात. जनतेशी दोन्ही भाषांत व्यवहार 1880 पासून होताच, नवं होतं ते आतल्या टिपणांचं. शिकलेल्या चेक माणसाला जर्मन येतच होतं, जर्मन माणसाला चेक क्वचित. म्हणजे नोकऱ्या कोणाकडे जाणार हे उघड होतं. हा कायदा नव्हता, प्रशासकीय हुकूम होता. राइखस्राटला तो मंजूर करायचाच नव्हता. म्हणून जर्मन पक्षांनी राग काढला तो हंगेरीच्या तडजोडीवर, जी त्यांना एरवी मान्य होती. लेखर बारा तास बोलला सीमाशुल्कावर, अडवायचे होते भाषेचे हुकूम.

उंबरठा

पण मग बहुमताने नियमच का नाही बदलले?

पोटनियम

बदलायचा प्रयत्न केला आणि त्यातूनच सरकार पडलं. 25 नोव्हेंबर 1897 ला काउंट फाल्केनहाइनने प्रस्ताव आणला की गोंधळ घालणाऱ्याला अध्यक्षांनी तीन बैठकांपुरतं आणि सभागृहाने 30 दिवसांपर्यंत बाहेर काढावं. प्रचंड गदारोळात, कोणाला काही ऐकू येत नसताना, सरकारच्या बाजूचे सदस्य उभे राहिले आणि अध्यक्ष आब्राहामोविच यांनी ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं. चर्चा नाही, मोजणी नाही. नियम बदलायची जी रीत नियमावलीत होती तीच मोडून नियम बदलला. दुसऱ्या दिवशी समाजवादी सदस्यांनी अध्यक्षांचं व्यासपीठ ताब्यात घेतलं आणि पोलिसांनी आत येऊन सदस्यांना उचलून बाहेर नेलं. व्हिएन्ना आणि ग्राझमध्ये रस्त्यावर लोक उतरले. 28 नोव्हेंबरला सम्राटाने बाडेनीला घरी पाठवलं. भाषेचे हुकूम पुढे सौम्य केले आणि 1899 च्या ऑक्टोबरात पूर्ण मागे घेतले. तेव्हापासून खोडा घालायची पाळी चेक पक्षांची. जर्मनांनी करून दाखवलं होतं की उपाय लागू पडतो.

धड रीतसर सुधारणा झाली ती 1909 च्या डिसेंबरात, तीही सलग 86 तास चाललेल्या बैठकीनंतर. चेक क्रामार्झ आणि स्लोव्हेन क्रेक यांनी मिळून आणलेल्या बदलानुसार तातडीचे प्रस्ताव कार्यक्रमपत्रिका संपल्यावर घ्यायचा अधिकार अध्यक्षांना मिळाला. पहिलं हत्यार बोथट झालं. मग अडवणूक समित्यांमध्ये सरकली.

बखरबहाद्दर

पगारांचं उत्तर: कलम 14. 1867 च्या साम्राज्य प्रतिनिधित्वाच्या कायद्यातलं. आपल्याकडच्या वटहुकमासारखं, पण बारकावे पाहा.

केव्हा वापरता येईल: राइखस्राट भरलेली नसताना तातडीची गरज पडली तर. काय करता येणार नाही: मूलभूत कायदे बदलायचे नाहीत, तिजोरीवर कायमचा बोजा टाकायचा नाही, सरकारी मालमत्ता विकायची नाही. कोणाची सही: सगळ्या मंत्र्यांची, एकाचीही राहिली तर हुकूम बाद. नंतर काय: संसद पुन्हा भरल्यापासून चार आठवड्यांच्या आत आधी कनिष्ठ गृहापुढे ठेवायचा. ठेवला नाही, किंवा दोहोंपैकी एका गृहाने नाकारला, तर तो संपला.

भारतीय राज्यघटनेच्या कलम 123 खाली निघालेला अध्यादेश संसद भरल्यावर सहा आठवड्यांनी आपोआप विरतो. कलम 14 मध्ये ते ‘आपोआप’ नाही. नाकारायला मतदान लागतं. आणि मतदान व्हायला सभागृह चालावं लागतं! सभागृह बंद पाडणाऱ्यांनी स्वतःच सरकारचे हुकूम जिवंत ठेवले. सरकारने अधिवेशन संपवायचं, हुकूम काढायचा, पुन्हा बोलवायचं, कागद पटलावर ठेवायचा आणि गोंधळ सुरू झाला की पुन्हा तहकूब. 1897 नंतर हंगामी अर्थसंकल्प, वार्षिक सैन्यभरतीचा आकडा, आणि 1899 मध्ये हंगेरीशी केलेली तडजोडसुद्धा याच वाटेने गेली. कर्ज हा ‘कायमचा बोजा’ आहे की नाही यावर कायदेपंडित भांडत राहिले आणि पगार महिन्याच्या महिन्याला होत राहिले.

माझ्या मते घोडं पेंड खात होतं ते इथेच. भाषा आठ होत्या म्हणून संसद बंद पडली असं सरसकट म्हणतात ते मला पटत नाही. अडवणुकीची किंमत कोणालाच मोजावी लागत नव्हती. रेल्वे धावतेय, पेन्शन मिळतंय, आपल्या प्रांतातल्या वर्तमानपत्रात आपण वीर ठरतोय, आणि बहुमतात राहून मंत्रिपद मिळेल याची खात्री नाहीच, कारण ते सम्राटाच्या हातात. मग कोण कशाला तडजोड करेल?

निळी शाई

बव्हंशी सहमत, पण भाषेला इतकं मोकळं सोडू नका. 1895 मध्ये विंडिशग्रेट्झचं आघाडी सरकार कशावर पडलं? दक्षिण स्टायरियातल्या त्सिली (आजचं त्सेलये) गावच्या सरकारी हायस्कुलात स्लोव्हेन माध्यमाच्या समांतर तुकड्या काढायच्या, त्यासाठी अर्थसंकल्पात मोजक्या गुल्डनची तरतूद. तेवढ्यावरून जर्मन उदारमतवादी बाहेर पडले. तेव्हा कलम 14 चा सर्रास वापर सुरूही झाला नव्हता. एका गावची शाळा व्हिएन्नापर्यंत जाते, कारण ती मान्य केली तर पुढच्या दहा गावांच्या मागण्या अडवायला आधार उरत नाही. प्रत्येक लहान गोष्ट पायंडा म्हणून मोजली जायची.

सांख्यिक

उलट बाजूही मांडायला हवी. ताफंच्या काळात (1879 ते 1893) याच संसदेने कारखाना निरीक्षक, कामगारांचा अपघात विमा आणि आजारपणाचा विमा हे कायदे केले. 1901 मध्ये क्योर्बर सरकारने अडवणूक फोडली ती पैशाने. आल्प्समधून ट्रिएस्टकडे नवे रेल्वेमार्ग आणि डॅन्यूब, ओडर, एल्बे जोडणारे कालवे, असा प्रत्येक प्रांताला काहीतरी मिळेल असा बांधकामाचा कार्यक्रम आणला आणि सगळे राष्ट्रवादी मुकाट बसून मतं देते झाले. टाउअर्नचा रेल्वेमार्ग झाला. कालवे बहुतेक कागदावरच राहिले. क्योर्बरचं काम मात्र दोन वर्षं निघालं.

आणि पोलिश गट विसरू नका. शिस्तबद्ध, सगळी मतं एकगठ्ठा, जवळपास प्रत्येक सरकारला पाठिंबा. बदल्यात गॅलिशियात कचेऱ्या आणि शाळांत पोलिश भाषा, मंत्रिमंडळात गॅलिशियासाठी कायमचा एक मंत्री. त्यांना झाकणं आपटायची गरजच पडली नाही. त्याचा भुर्दंड रुथेनियनांनी भरला.

उंबरठा

शेवटचं विचारतो. 1914 मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा संसद भरलेलीच नव्हती, हे कसं?

पोटनियम

त्याची सुरुवात प्रागमध्ये आहे. बोहेमियाच्या विधानसभेत जर्मन अल्पसंख्याकांनी अडवणूक करून कारभार इतका ठप्प केला की प्रांताची तिजोरी रिकामी झाली. 26 जुलै 1913 ला सम्राटाने ती विधानसभा बरखास्त करून नेमलेलं प्रशासकीय मंडळ बसवलं. त्याचा वचपा म्हणून चेक पक्षांनी व्हिएन्नात राइखस्राट अडवली. पंतप्रधान श्ट्युर्कने 16 मार्च 1914 ला ती तहकूब केली आणि पुन्हा बोलावलीच नाही. जुलैमध्ये युद्ध जाहीर झालं. युद्ध जाहीर करणं तसंही सम्राटाच्या अखत्यारीत होतं, पण युद्धाचा पैसा कलम 14 मधून आला. व्हिएन्नातल्या रिंगश्ट्रास रस्त्यावरच्या, संसदेच्या ग्रीक खांबांच्या इमारतीत जखमी सैनिकांचं इस्पितळ उघडलं. 21 ऑक्टोबर 1916 ला समाजवादी फ्रीड्रिख आडलरने श्ट्युर्कला हॉटेलात जेवताना गोळ्या घातल्या. नवा सम्राट कार्ल याने 30 मे 1917 ला संसद बोलावली. पहिल्याच दिवशी स्लोव्हेन नेता कोरोशेत्सने दक्षिण स्लाव्हांच्या वेगळ्या राज्यघटकाची मागणी वाचून दाखवली, हाब्सबुर्ग छत्राखाली का होईना. शेवटची बैठक 12 नोव्हेंबर 1918.

बखरबहाद्दर

पुढचा एक दुवा जोडतो. 24 जुलै 1917 ला याच पुन्हा भरलेल्या राइखस्राटने युद्धकाळातल्या आर्थिक बाबींसाठी सरकारला हुकूम काढायचा अधिकार देणारा कायदा केला. युद्ध संपलं, साम्राज्य गेलं, कायदा मात्र कोणी रद्द केला नाही. 1933 च्या मार्चमध्ये प्रजासत्ताकाच्या संसदेचे तिन्ही अध्यक्ष एकाच बैठकीत राजीनामे देऊन बसले आणि चान्सलर डोल्फुसने संसद पुन्हा भरू न देता 1917 च्या त्याच कायद्याखाली हुकूम काढत राज्य केलं.

मूळ कागद पाहायचे असतील तर ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘आलेक्स’ या संकेतस्थळावर दोन्ही गृहांची इतिवृत्तं स्कॅन करून ठेवली आहेत. शोधताना वर्षापेक्षा अधिवेशनाचा रोमन आकडा उपयोगी पडतो, 1917-18 चं बाविसावं. जुनी जर्मन काळी लिपी असेल या भीतीने थांबू नका, छपाई नेहमीच्या रोमन लिपीत नसली तरी दोन-तीन पानांत सराव होतो. बिगर-जर्मन भाषण शोधत असाल तर 1917 च्या आधीच्या खंडांत वेळ घालवू नका, त्या काळासाठी प्राग, लेंबर्ग (आजचं ल्विव) किंवा लुब्लियानाची वर्तमानपत्रं बघा. सदस्य आपलं भाषण तिकडे छापायला देत असत.